संकटकाळातील सण : नांदेड-लातूर परिसराचा एक ऐतिहासिक विचार (1993 ते 2021)

प्रस्तावना

सणांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा थाटाकडे जाते. मिरवणुका, यात्रा, देणग्या, राजाश्रय आणि लोकाश्रय यांची नोंद होते. ज्या वर्षी सण झालाच नाही, किंवा झाला तरी कोणाच्या मनात उतरला नाही, त्या वर्षाचे पान सहसा कोरे राहते. वास्तविक समाजाची घडण समजून घेण्यासाठी ही कोरी पाने अधिक उपयोगी आहेत. यंत्राचे भाग जसे ते बंद पडल्यावर दिसू लागतात, तसेच सण कशावर उभा असतो हे तो मोडल्यावर कळते.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांत डिसेंबर-जानेवारीचा काळ सणांच्या दृष्टीने भरगच्च असतो. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षातील वेळ अमावस्या आणि ख्रिस्ती कुटुंबांतील नाताळ हे सारे थोड्या दिवसांच्या अंतराने येतात. पीक हाताशी येऊ लागलेले असते आणि पाहुण्यांची ये-जा सुरू असते. मात्र गेल्या तीन दशकांत या भूभागाने अशी वर्षेही अनुभवली, की सण दाराशी आला आणि माणसाला त्याचे स्वागत करता आले नाही. प्रस्तुत निबंधात 1993चा किल्लारी भूकंप, 2015-16चा लातूरचा पाणीटंचाईचा काळ आणि 2020-21ची कोरोना महामारी या तीन प्रसंगांचा विचार केला आहे. सणाचा उत्साह ही केवळ व्यक्तीच्या मनाची अवस्था नसून ती घराघरांतील देवघेवीतून निर्माण होणारी गोष्ट आहे, आणि संकटात प्रथम तुटते ती ही देवघेव, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे.

दुःखाच्या घराची रीत

आपल्या समाजात सण न करण्याचीही एक रीत आहे. घरात मृत्यू झाला असेल तर त्या वर्षी ‘यंदा त्यांच्याकडे सण नाही’ असे म्हटले जाते. दिवाळीला तळणाची कढई चुलीवर चढत नाही, दारात आकाशकंदील लागत नाही, नवे कपडे घेतले जात नाहीत. परंतु हे घर सणातून सर्वस्वी वगळलेलेही नसते. भावकीतून, शेजारून, लेकीच्या सासरहून फराळाचे ताट येते. घरातील लेकराबाळांच्या हातावर कोणीतरी लाडू ठेवतो. पहिल्या सणाला सोयरे आवर्जून भेटायला येतात.

या रीतीत दोन गोष्टी अनुस्यूत आहेत. पहिली, दुःखी माणसावर आनंदाची सक्ती नाही. त्याला सण न करण्याचा अधिकार आहे. दुसरी, त्याच्या वाट्याचा सण इतरांनी सांभाळायचा आहे. अर्थात या व्यवस्थेसाठी एक अट आवश्यक असते. गावात एक घर दुःखात असेल तर दहा घरे सुखात असावी लागतात. ही अटच मोडली तर काय होते, याचे उत्तर 1993 साली मिळाले.

किल्लारी : सारेच घर दुःखाचे

29 सप्टेंबर 1993 रोजी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतींचे विसर्जन झाले आणि दमलेली माणसे झोपी गेली. 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमाभागात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीच्या जाड थरांचे माळवद अशी तेथील घरांची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळले. शासकीय नोंदींनुसार मृतांची संख्या सुमारे 8,000 होती. अन्य नोंदींत ती याहून अधिक आहे.

पंचांगाकडे पाहिले असता या आपत्तीचे आणखी एक विदारक अंग लक्षात येते. लगेच 1 ऑक्टोबरपासून पितृपक्ष सुरू झाला. ज्या पंधरवड्यात जुन्या पितरांना पान वाढायचे, त्याच पंधरवड्यात गावे सामुदायिक अंत्यसंस्कारांतून सावरत होती. त्यानंतर नवरात्र आले. तुळजापूर जवळ असल्याने या भागात नवरात्राचे महत्त्व मोठे आहे. पुढे 13 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले. भूकंपापासून दिवाळीपर्यंतचे अंतर अवघे 44 दिवसांचे होते.

या 44 दिवसांत भौतिक मदत मोठ्या प्रमाणावर पोहोचली. लष्कर, शासन, स्वयंसेवी संस्था, महाविद्यालयांचे विद्यार्थी आणि परराज्यांतील मंडळीही धावून आली. परंतु वर उल्लेखिलेल्या रीतीच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न निराळाच होता. फराळाचे ताट घेऊन येणारे शेजारचे घरच उरले नव्हते. भावकी एकाच गल्लीत राहत असल्याने भावकीवरही तोच घाला पडला होता. सोयरिकी प्रामुख्याने पंचक्रोशीत होत, त्यामुळे लेकीचे सासर आणि सुनेचे माहेर हेही अनेकदा त्याच पट्ट्यात होते. दुःखाचे घर आणि सांत्वनाचे घर यांतील भेद नाहीसा झाला होता. अशा वेळी ‘यंदा सण नाही’ हे वाक्य कोणी कोणाला सांगायचे, हाही प्रश्नच होता.

शेजाऱ्याची ही रिकामी जागा परक्या माणसांनी काही अंशी भरून काढली. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी स्वीकारून त्यांना पुण्यात नेले, हे याचे ठळक उदाहरण होय. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तरीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. शेजाऱ्याने आणलेल्या ताटाची परतफेड पुढील वर्षी करता येते. आलेले ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हा आपल्याकडचा दंडक आहे. मदतीच्या गाडीतून आलेल्या पाकिटाची परतफेड करता येत नाही. घेणारा कायम घेणाराच राहतो. सणातील देवघेवीला जी बरोबरीची प्रतिष्ठा असते, ती मदतीत आणणे अवघड असते.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार 250, 450 आणि 750 चौरस फुटांची घरे देण्यात आली. भूकंपाला तोंड देऊ शकतील अशी घरे आणि रुंद, सरळ रस्ते ही या गावांची जमेची बाजू आहे. तथापि घराचा आकार जमिनीवरून ठरल्याने जुन्या गल्लीतील शेजार नव्या आराखड्यात तसाच येणे कठीण झाले. शेजार हा सणाचा पाया मानला, तर नव्या गावांत सणांची घडी पुन्हा बसायला वेळ का लागला असावा, याचे एक कारण येथे शोधता येईल.

भूकंप विसर्जनानंतरच्या पहाटेस झाल्यामुळे या भागात उत्सव आणि स्मृती कायमच्या जोडल्या गेल्या. दिनांकाने पाहिल्यास 30 सप्टेंबरला मृतांना अभिवादन होते. पंचांगाने पाहिल्यास गणपती बोळवला की ती पहाट आठवते. जगाच्या इतिहासात याला जवळचे उदाहरण 26 डिसेंबर 2004चे आहे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी आलेल्या त्सुनामीत तमिळनाडूतील वेलांकणी येथे नाताळनिमित्त आलेले अनेक भाविक मृत्युमुखी पडले. तेथील नाताळालाही त्यानंतर वर्षश्राद्धाची छाया लाभली. धर्म आणि भाषा भिन्न असूनही दोन्ही ठिकाणच्या माणसांपुढील पेच एकच आहे : आनंदाचा दिवस आणि वियोगाचा दिवस शेजारी-शेजारी कसे ठेवायचे?

वेळ अमावस्या : घराबाहेरचा सण

या संदर्भात वेळ अमावस्येचा विचार महत्त्वाचा ठरतो. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत हा सण शेतात साजरा होतो. कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा केली जाते. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्याने आमंत्रण द्यावे, ही या सणाची खूण आहे. शहरातील नोकरदार, भाडेकरू, परगावचा शिक्षक, असे सारेच त्या दिवशी कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवतात. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांनी हा पाहुणचार घेतला असेल.

भूकंपानंतरची पहिली वेळ अमावस्या जानेवारी 1994 मध्ये आली. या सणाला पक्के घर, दिवाणखाना किंवा देवघर लागत नाही. घर पडले तरी शेत जागेवर असते आणि कोप कडब्याची असल्याने ती पुन्हा बांधता येते. दिवाळीला घर लागते, उंबरठा लागतो, पणती ठेवायला कोनाडा लागतो. बेघर झालेल्या समाजाला सण पुन्हा जवळ करायचा असेल, तर असा घराबाहेरचा सण अधिक सोपा ठरू शकतो. त्या वर्षी प्रत्येक गावात काय घडले, हे मौखिक साधनांतूनच समजू शकेल. परंतु सणांचे प्रकार आणि संकटांचे प्रकार यांचा असा परस्परसंबंध तपासण्याजोगा आहे.

2016 : पाण्याविना पाहुणचार

लातूरचा दुसरा अनुभव वेगळा आहे. 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला. शहराला पाणी पुरविणारा मांजरा प्रकल्प कोरडा पडला. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे कलम 144 लागू करावे लागले. त्याच महिन्यात होळी आणि रंगपंचमी होती. 8 एप्रिलला गुढीपाडवा झाला आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या गाडीत 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या.

येथे मनुष्यहानी नव्हती, घरे उभी होती, शेजारही होता. मग सणाची अडचण कोणती? रंग खेळता आला नाही, हे वरवरचे उत्तर झाले. खरी अडचण पाहुणचाराची होती. आलेल्या माणसाला आधी पाणी देणे हा मराठवाड्यातील आतिथ्याचा पहिला पाठ आहे. तांब्याभर पाण्याचाही हिशोब करावा लागतो तेव्हा यजमान संकोचतो आणि पाहुणा येण्याचे टाळतो. ज्या घरी जायचे तेथील हंडा आपल्यामुळे रिता होईल, ही जाणीव माणसाला दाराशीच थांबविते. रब्बी गेलेल्या शेतात भज्जीसाठी हिरवा हरभरा आणि तूर नसते, तेव्हा शेतवाल्याचे आमंत्रणही अडखळते. कोणी कोणावर रुसलेले नसतानाही ये-जा मंदावते. उत्साह ओसरतो तो असा.

2020-21 : दाराशी थांबलेली माणसे

तिसऱ्या प्रसंगात शासनानेच ये-जा थांबविली. मार्च 2020 मध्ये देशव्यापी टाळेबंदी लागू झाली तेव्हा नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे दर्शनासाठी आलेले, मुख्यतः पंजाबमधील, सुमारे 4,000 भाविक अडकून पडले. 13 एप्रिलची वैशाखी त्यांना घरापासून दूर करावी लागली. लंगरमुळे त्यांच्या जेवणाची सोय झाली. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांमधून ते परतले. 25 मे रोजी रमजान ईद घरातच पार पडली. डिसेंबरमध्ये नाताळासाठी चर्चमधील उपस्थिती 50पुरती मर्यादित होती आणि 22 डिसेंबरपासून महानगरपालिका क्षेत्रांत, अर्थात नांदेड व लातूर शहरांतही, रात्रीची संचारबंदी होती. माळेगावची यात्रा भरली नाही. 29 मार्च 2021 रोजी नांदेडमध्ये होला महल्ल्याच्या मिरवणुकीवरील निर्बंधांवरून संघर्ष झाला आणि काही पोलीस जखमी झाले.

या घटनेकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेच्या दृष्टीने पाहून भागणार नाही, तसेच तिचे समर्थनही करता येणार नाही. निर्बंधांमागे लोकांच्या प्राणांचा प्रश्न होता. परंतु भेटीगाठी हाच ज्याचा प्राण आहे तो सण भेटीविना करावा, अशी मागणी समाजाकडे प्रथमच एवढ्या व्यापकतेने केली गेली. 1993 साली शेजारी उरला नव्हता. 2020 साली शेजारी होता, पण त्याच्या दाराशी जाणे हाच धोका होता. मृत्यू झालेल्या घरी सांत्वनालाही जाता येईना. दुःखाच्या घराची जुनी रीत दुसऱ्यांदा, आणि अगदी उलट कारणाने, मोडली.

नांदेडच्या इतिहासातच या पेचाचा एक जुना संदर्भ आहे. ऑक्टोबर 1708 मध्ये येथे गुरू गोविंदसिंग यांनी देह ठेवला आणि येथेच गुरू ग्रंथ साहिब यांना गुरुपद देण्यात आले. 2008 साली या गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा नांदेडला झाला. वियोग आणि उत्सव एकाच भूमीवर, एकाच महिन्यात सांभाळण्याची परंपरा या शहराला अपरिचित नाही. दुःख विसरून तेथे उत्सव उभा राहिलेला नाही. दुःखातून पुढे काय सोपवायचे, याच्या निर्णयातून तो उभा राहिला आहे.

निष्कर्ष

वरील तिन्ही प्रसंगांत संकटाचे स्वरूप भिन्न आहे. 1993 साली देणारी माणसे गेली, 2016 साली देण्याची वस्तू संपली आणि 2020 साली देण्याची वाट बंद झाली. परिणाम मात्र सारखाच झाला. यावरून दिसते की सणाच्या दिवशी मन न लागणे हा माणसाचा दुबळेपणा नाही, आणि ‘विसरा आणि आनंदात राहा’ हा त्यावरचा उपायही नाही. जेथे देवघेवीचा तुटलेला धागा कोणी पुन्हा बांधतो तेथे सण परत येतो, आणि येतो तो बहुधा थाटाशिवाय : एका ताटाने, एका आमंत्रणाने, तांब्याभर पाण्याने.

आपत्तीनंतरच्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पुनर्वसनाचे आराखडे आखताना शेजार टिकविण्याला घराइतकेच महत्त्व दिले पाहिजे आणि मदत घेणाऱ्याला काही देण्याचीही संधी ठेवली पाहिजे. सण न करण्याचा अधिकारही मान्य केला पाहिजे.

अभ्यासाच्या दृष्टीने आपल्यावर एक तातडीची जबाबदारी आहे. 1993 साली विशीत असलेली माणसे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा जन्म भूकंपानंतरचा आहे. प्रस्तुत लेखकाच्या पिढीलाही तो भूकंप आठवणीपेक्षा ऐकीव माहितीतूनच अधिक परिचित आहे. त्या वर्षीची दिवाळी कशी गेली, पहिली पणती कोणी लावली, कोणी लावू दिली नाही, पहिले ताट कोणाकडून आले, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी ती गावोगाव जाऊन टिपून घ्यावीत. ही माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.