वाटखर्च कोणाचा?

धन्याच्या कामासाठी जो घराबाहेर पडतो, त्याच्या वाटखर्चाचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न राज्यव्यवहाराइतकाच जुना आहे. गाडीचे भाडे, हमालाची मजुरी, उताराच्या जागी गड्याच्या हातावर ठेवलेली बक्षिशी, ह्या रकमा दिसावयास क्षुल्लक. परंतु धन्याने त्या दिल्या नाहीत, तर दुसऱ्या कोणाच्या तरी पदरून त्या जातातच. इतिहास ह्याची साक्ष देतो.

कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त दूताच्या प्रवासाचा दरच ठरवून दिला आहे. मध्यम प्रतीच्या दूताला दर योजनास दहा पण द्यावेत, आणि दहा योजनांच्या पुढे शंभर योजनांपर्यंत दुप्पट द्यावेत, असा तो नियम होय. आजच्या मैलभत्त्याचे हे पूर्वरूपच म्हटले पाहिजे.

शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. दाणा, वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला जे लागेल ते रोख पैसे देऊन बाजारातून विकत आणावे, रयतेवर जबरदस्ती करू नये, अशी त्यात ताकीद आहे. लोक उपाशी मरू लागले, तर त्यांना मोगलांपेक्षाही तुम्हीच वाईट वाटाल, असा इशाराही आहे. हा केवळ उपदेश नव्हे. खरेदीसाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद आधी करून मगच महाराजांनी ही आज्ञा केली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हात रिकामा ठेवून नीतीची अपेक्षा करणे व्यर्थ, हे त्यांनी ओळखले होते.

पुढे मराठेशाहीच्या कारभारात ‘मसाला’ हा शब्द वेगळ्याच अर्थाने रूढ झालेला दिसतो. सरकारचा प्यादा ज्याच्याकडे बोलावणे घेऊन जाई, त्याच्याकडूनच त्या प्याद्याच्या येण्याजाण्याचा खर्च वसूल होई. ह्या वसुलीला मसाला म्हणत. हुकूम सरकारचा, पायपीट प्याद्याची आणि पैसा रयतेचा, असा तो हिशेब!

श्रोतेहो, ह्याची दुसरी बाजूही आहे. ‘भत्ता’ हा शब्द कानडी ‘भत्त’, म्हणजे भात, ह्यावरून आला असावा, असे ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या कोशाचे मत आहे. मुक्कामावर पोट भरण्यापुरता पैसा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु प्लासीच्या लढाईनंतर मीर जाफरने कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांना दुप्पट भत्ता दिला आणि अधिकारी त्याला आपला हक्क समजू लागले. १७६६ साली क्लाइव्हने तो बंद करताच बंगालमधील अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे देण्याचा कट केला. क्लाइव्हने तो कठोरपणे मोडून काढला. खर्चाची भरपाई एकदा मिळकत झाली, की ती काढून घेणे किती अवघड, हे त्यातून दिसून आले.

ज्यांच्या खांद्यांवरून दुसऱ्यांचा प्रवास होतो, त्यांची कहाणी कुमाऊँच्या डोंगरात घडली. दौऱ्यावरील इंग्रज अधिकाऱ्यांचे सामान वाहण्यासाठी गावकऱ्यांना पाळीपाळीने वेठीस धरीत. त्यांची नावे नोंदण्यास वह्या होत्या. १९२१ च्या जानेवारीत, मकरसंक्रांतीला, बागेश्वरच्या यात्रेत बद्रीदत्त पांडे आदींच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी वेठ न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या शरयू नदीत बुडविल्या. ती प्रथा पुढे टिकली नाही.

आज कचेऱ्यांतून प्रवासखर्चाची बिले होतात. रेल्वेचे तिकीट जोडता येते; परंतु हमाल पावती देत नाही आणि बक्षिशीला तर मुळीच पावती नसते. म्हणूनच दिवसाचा ठराविक भत्ता देण्याची पद्धत सोयीची ठरली. तो दर बेताचा असावा हे खरे; तथापि तो अपुराही नसावा. हिशेबनिसाने खोडलेला रुपया वाचत नाही. तो एकतर नोकराच्या खिशातून जातो, नाहीतर ओझे वाहणाऱ्या गरिबाच्या मजुरीतून कापला जातो.