३९ अंकांची मूळ संख्या आणि एदुआर ल्यूका

इ.स. १६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने एक धाडसी विधान छापले. २ चा एखादा घात घेऊन त्यातून १ वजा केला, तर उरलेली संख्या मूळ असते का? २५७ पर्यंतच्या घातांपैकी केवळ २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांसाठीच, असे मर्सेनचे उत्तर. सिद्धता दिलेली नाही. १२७ व्या घाताची संख्या ३९ अंकी आहे. भागून भागून ती तपासणे त्या काळी कोणाच्याही आवाक्यात नव्हते.

१७७२ मध्ये ऑयलरने ३१ व्या घाताची संख्या, २,१४,७४,८३,६४७, मूळ असल्याचे दाखवले. संभाव्य अवयव कोणत्या साच्याचे असतील हे आधी ठरवून त्याने बहुतेक भागाकार वाचवले, तरी मार्ग भागाकाराचाच होता.

खरे वळण १८७६ चे. एदुआर ल्यूकाने अवयव शोधणेच सोडून दिले. ३ पासून आरंभ करावा, दरवेळी वर्ग करून २ वजा करावेत, आणि उत्तर तपासायच्या संख्येहून मोठे झाले की भागून फक्त बाकी ठेवावी. २ च्या ७ व्या घातातून १ वजा केल्यास १२७ उरतात. त्यासाठी पदे येतात ३, ७, ४७, ४८, १६ आणि सहावे २५४, म्हणजे १२७ ची दुप्पट. बाकी शून्य, म्हणून १२७ मूळ. (घाताला ४ ने भागून ३ उरत असतील तेव्हाच हा ३ चा आरंभ चालतो, ७, ६७ आणि १२७ तिन्ही त्यात बसतात.) १२७ व्या घातासाठी हेच करायचे तर १२५ वेळा वर्ग करावे लागतात, आणि संगणक तर नव्हताच. ल्यूकाने निर्वाळा दिला: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या मूळ आहे. १९५१ पर्यंत हिच्याहून मोठी मूळ संख्या कोणाला सापडली नाही.

त्याच वर्षी ल्यूकाने ६७ व्या घाताबाबत मर्सेनला खोटे ठरवले. ती संख्या विभाज्य आहे हे कळले, पण तिला कोण भागते हे कळले नाही. अवयव हाती नसताना ‘अवयव आहेत’ असे खात्रीने सांगता येणे, हेच या पद्धतीचे वेगळेपण.

ते अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलने मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. न्यूयॉर्कच्या सभेत कोलने एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ती येते एरिक टेंपल बेलच्या, अनेक दशकांनंतर लिहिलेल्या पुस्तकातून. आणि बेलची ख्याती रंगतदार कथनासाठी अधिक. कोलचा निबंध मात्र त्याच वर्षी छापलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन साधनांना सारखे वजन देऊ नये.

पुढे २५७ चा दावाही कोसळला, आणि ६१, ८९, १०७ हे तीन घात यादीतून सुटल्याचे दिसून आले. त्यांतील ६१ चा शोध १८८३ मध्ये इव्हान पर्वुशिन या रशियन पाद्र्याने लावला. पूर्ण यादीचा निकाल लागायला १९४७ साल उजाडले. या संख्यांना आजही नाव आहे ते मर्सेनचेच.