आतड्यातले पहारेकरी

गोळी गिळली, ती पोटात विरघळली, आतड्यातून रक्तात गेली आणि यकृताने तिचा निचरा केला. औषधाचा प्रवास आपण वर्गात साधारणपणे असाच सांगतो. या वर्णनात आतडे म्हणजे नुसते उघडे दार असते. ते तसे नाही, हे समजण्यास एका फळाच्या रसाची कशी मदत झाली, ते आपण पाहू.

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लंडन नावाचे शहर आहे. तेथे डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबावरील औषधावर मद्याचा काय परिणाम होतो, हे तपासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला. (नावात 'ग्रेप' असले तरी हे द्राक्ष नव्हे. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले हे फळ आहे.) मद्य न देता, नुसता रस दिला तेव्हाही रक्तात औषध अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आढळले! हे निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९१ मध्ये त्यांनी सहा जणांवरील प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये मांडला. गोळी पाण्याऐवजी या रसासोबत घेतली, की रक्तात पोचणारे औषध सरासरी २.८ पट होत होते. संत्र्याच्या रसाने मात्र फरक पडत नव्हता.

असे का व्हावे? फेलोडिपिनचा जेमतेम १५ टक्के भाग मूळ रूपात रक्ताभिसरणात पोचतो. बाकीचा वाटेतच मोडला जातो. हे काम मुख्यतः यकृताचे, अशी समजूत होती. पण १९९१ मध्येच अमेरिकेतून वेगळा पुरावा आला. यकृतारोपणाच्या वेळी, जुने यकृत काढल्यावर आणि नवे जोडण्यापूर्वी, दोन रुग्णांच्या लहान आतड्यात सायक्लोस्पोरिन हे औषध सोडले गेले. शरीरात यकृत कार्यरत नसतानाही आतड्याकडून येणाऱ्या रक्तात त्या औषधाचे विघटित पदार्थ सापडले. म्हणजे ही मोडतोड आतड्याच्या अस्तरातच झाली होती.

१९९७ मध्ये दोन्ही धागे जुळले. दहा निरोगी पुरुषांना सहा दिवस ग्रेपफ्रूटचा रस दिल्यावर त्यांच्या लहान आतड्याच्या अस्तरातील 'सीवायपी३ए४' हे विकर ६२ टक्क्यांनी घटले. यकृतातील त्याच विकराचे कार्य मात्र बदलले नाही. रसातील फ्युरॅनोकुमॅरिन ही द्रव्ये आतड्यातील विकर निकामी करतात. नवे विकर तयार होईपर्यंत, म्हणजे दोन-तीन दिवस, परिणाम टिकू शकतो.

आतड्यात दुसराही पहारेकरी आहे. १९७६ मध्ये टोरोंटोत ज्युलियानो आणि लिंग यांनी औषधाला दाद न देणाऱ्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन शोधले. ते १९८७ मध्ये निरोगी आतड्यातही आढळले. पेशीत शिरलेली अनेक औषधे ते पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलते. एक पहारेकरी मोडतो, दुसरा परतवतो.

पहारा ढिला पडला, तर नेहमीचीच मात्रा अतिरिक्त ठरते. पहारा कडक झाला, तर औषध अपुरे पडते. क्षयावरील रिफॅम्पिसिन नेमके हेच करते; ते या दोन्ही प्रथिनांचे प्रमाण वाढवते. पपनसातही फ्युरॅनोकुमॅरिन असतात. म्हणून डॉक्टरांना आपण कोणती औषधे घेतो याबरोबरच काय खातो-पितो, हेही सांगायला हवे. आणि वर्गातल्या फळ्यावर औषधाचा मार्ग काढताना, आम्हाला वाटते, आतड्यापाशी क्षणभर थांबायला हवे.