मापी मण, वजनी मण आणि घनता

भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. 1956 मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि 1981 मध्ये नव्या जालना जिल्ह्यात गेले. अशा गावाच्या जुन्या कागदांत धान्याचा आकडा मणांत आढळला की त्यास 37.3242 किलोग्रॅमांनी गुणण्याचा मोह अभ्यासकास होतो. हा गुणक 80 तोळ्यांचा शेर व 40 शेरांचा मण ह्या वजनी मानाचा होय. चिपटे, मापटे, शेर, पायली ही मात्र घनफळाची मापे. चार शेरांची पायली, प्रांतपरत्वे 12 वा 16 पायल्यांचा मण आणि 20 मणांची खंडी. शेर व मण ही नावे दोहोंकडे एकच. घोटाळा तेथूनच होतो.

घनफळावर विसंबणे हे अडाणीपणाचे लक्षण नव्हे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) राशिव्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. राशीच्या परिघाच्या षष्ठांशाचा वर्ग उंचीने गुणावयाचा. उंची जाड्या धान्यास परिघाचा दशमांश, बारीक धान्यास अकरावा भाग, कुसळाच्या धान्यास नवमांश. परीघ 60 हात असता जाडे धान्य 600 घनहस्त, म्हणजेच 600 खारी भरते. धान्याच्या जातीप्रमाणे राशीचा उतार बदलतो, हे येथे नेमके हेरले आहे. परंतु उत्तर खारींत येते. वजन कोणी विचारलेलेच नाही.

ते आज आपण विचारतो, आणि मग घनता लागते. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले घनफळ, हे रसायनशास्त्राच्या आरंभीचे सूत्र. पण येथे घनता कोणती घ्यावयाची? गव्हाचा दाणा पाण्यात बुडतो, म्हणजे त्याची घनता एकाहून अधिक. तरीही लिटरभर गहू पाऊण किलोच्या आसपासच भरतो, कारण मापातील सुमारे दोन पंचमांश जागा दाण्यांमधील हवेची असते. तीळ त्याच मापात सुमारे 600 ग्रॅम. शिवाय धान्याची ओल, आणि माप शिगेचे की काठाशी सपाट, हा प्रश्न उरतोच.

पाण्याच्या बाबतीत ही अडचण नाही. 1901 ते 1964 लिटरची व्याख्याच एक किलोग्रॅम पाण्यावरून केलेली होती. भारतात 1956 च्या कायद्यान्वये मेट्रिक वजने 1 ऑक्टोबर 1958 पासून क्रमाक्रमाने लागू झाली. त्यापूर्वीच्या मापी नोंदींस धान्याचे नाव कळल्यावाचून किलोग्रॅमांत आणता येत नाही. नाव कळले तरी 12 व 16 पायल्यांच्या मणांत एक तृतीयांशाचा फरक पडतो, आणि गहू व तीळ यांच्या घनतेतील फरकही सुमारे एक चतुर्थांशाचा आहे.