चाल कोणाची, नाव कोणाचे

जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तके ज्यांनी चाळली आहेत, त्यांना पदांच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेला 'चाल' हा शब्द ओळखीचा असेल. त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे सुरुवातीचे शब्द असतात. हे पद अमुक ठुमरीवर, अमुक लावणीवर, अमुक कानडी पदावर बेतले आहे, हे नाटककार उघडपणे सांगत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये (१८८२) ही प्रथा दिसते आणि पुढेही ती टिकून राहिली. नव्या गाण्यात जुने गाणे ऐकू येणे ही लपवण्याची गोष्ट आहे, असे त्या काळी कोणाला वाटत नव्हते. उलट, ओळखीची चाल कानावर पडली की प्रेक्षक सुखावत.

विसाव्या शतकातल्या इंग्रजी पॉप संगीतात हाच प्रकार कोर्टात गेला. तिथे गाण्यावर 'चाल' लिहिण्याची रीत नव्हती. तबकडीवर रचनाकार म्हणून एक नाव छापले जाई आणि त्या नावामागोमाग पैसे येत. त्यामुळे गाजलेल्या गाण्यात जुने गाणे ऐकू आले, की पहिला प्रश्न कानाचा आणि दुसरा लगेच पैशाचा असे. त्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा जुळत नाहीत. तीन गाण्यांच्या इतिहासातून ते दिसते.

पहिले गाणे जॉर्ज हॅरिसनचे 'माय स्वीट लॉर्ड'. बीटल्स फुटल्यानंतर, १९७० च्या अखेरीस ते आले आणि अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पहिल्या क्रमांकावर गेले. रविशंकरांचा हा शिष्य त्यात ख्रिस्ती आणि वैष्णव नामस्मरण एकत्र गुंफत होता. पण पुष्कळांना त्यात 'द शिफॉन्स' या मुलींच्या गटाचे १९६३ चे 'ही इज सो फाइन' हे गाणे ऐकू आले. त्या गाण्याचे हक्क असलेल्या 'ब्राइट ट्यून्स' कंपनीने १९७१ मध्ये दावा लावला.

खटला रिचर्ड ओवेन यांच्यापुढे चालला. हे न्यायाधीश स्वतः ऑपेरांचे रचनाकार होते. त्यांनी दोन्ही गाणी अक्षरशः स्वरांत सोडवली. पहिली स्वरावली आपल्या भाषेत प-ग-रे, दुसरी प-ध-सा-ध-सा, शेवटचे सा वरचे. दोन्ही स्वरावल्या सुट्या घेतल्या तर कोणाच्याही मालकीच्या नाहीत. पण आधी पहिली पुन्हापुन्हा, मग दुसरी पुन्हापुन्हा, आणि दुसरीच्या एका आवर्तनात ठरावीक जागी येणारा एक कणस्वर, ही सगळी मांडणी दोन्हीकडे सारखी असणे त्यांना योगायोग वाटले नाही. हॅरिसनने जाणूनबुजून चोरी केली असे त्यांनी म्हटले नाही. जुने गाणे त्याच्या सुप्त मनात होते आणि तिथून ते उतरले, असा त्यांचा १९७६ चा निष्कर्ष होता. तरीही कायद्याने तो भंगच ठरला.

हॅरिसनचे म्हणणे असे, की आपल्याला सुचले ते एडविन हॉकिन्सच्या गायकवृंदाच्या 'ओ हॅपी डे' या गॉस्पेल गीतावरून. आता हे गीतही मुळात फिलिप डॉड्रिज या अठराव्या शतकातल्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या स्तोत्राचे कृष्णवर्णीय चर्चमध्ये बदललेले रूप. म्हणजे प्रतिध्वनीमागे आणखी एक प्रतिध्वनी होता. ज्याच्या चालीवरून एवढे घडले तो रॉनी मॅक मात्र गाणे गाजले त्याच वर्षी, ऐन तारुण्यात वारला होता.

खटल्याचा शेवट विचित्र झाला. हॅरिसनचा पूर्वीचा व्यवस्थापक ॲलन क्लाइन याने आधी त्याच्या बाजूने तडजोडीची बोलणी केली होती. त्याने १९७८ मध्ये 'ही इज सो फाइन'चे हक्क ५,८७,००० डॉलरला स्वतःच विकत घेतले. १९८१ मध्ये न्यायाधीशांनी क्लाइनला त्यातून नफा होऊ दिला नाही. तेवढीच रक्कम द्यावी आणि हक्क घ्यावेत, असे त्यांनी हॅरिसनला सांगितले.

दुसऱ्या गाण्याच्या कथेतही हाच क्लाइन आहे. 'द व्हर्व' या इंग्रज बँडचे 'बिटर स्वीट सिंफनी' १९९७ चे. त्यातले व्हायोलिनचे आवर्तन 'अँड्र्यू ओल्डहॅम ऑर्केस्ट्रा'च्या ध्वनिमुद्रणातून उचललेले आहे. ओल्डहॅम हा रोलिंग स्टोन्सचा व्यवस्थापक, आणि त्या ऑर्केस्ट्राने वाजवले होते ते स्टोन्सचे १९६५ चे 'द लास्ट टाइम'. स्टोन्सच्या त्या काळातल्या गाण्यांचे हक्क क्लाइनच्या कंपनीकडे होते. परवानगीच्या बदल्यात तिने नव्या गाण्याच्या रचनेचे हक्कच मागून घेतले. रचनाकार म्हणून मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स ही नावे लागली, आणि रिचर्ड ॲशक्रॉफ्ट फक्त शब्दांपुरता उरला.

पण ऐकणाऱ्याने मूळ 'द लास्ट टाइम' लावून पाहावे. व्हायोलिनचे ते आवर्तन तिथे सहज सापडत नाही. ते ऑर्केस्ट्रासाठी लिहिले डेव्हिड व्हिटेकर या संयोजकाने. आणि खुद्द स्टोन्सचे गाणे कुठून आले? 'द स्टेपल सिंगर्स' या शिकागोच्या कुटुंबाने पन्नाशीच्या दशकात गायलेल्या एका पारंपरिक गॉस्पेल गीतावरून. रिचर्ड्सने हे पुढे मोकळेपणाने मान्य केले आहे. ते गाणे परंपरेचे, म्हणून त्याला मालक नव्हता. 'बिटर स्वीट'चे हक्क जॅगर-रिचर्ड्स यांनी अखेर २०१९ मध्ये ॲशक्रॉफ्टला परत केले. एकाची उसनवारी परंपरा म्हणून चालून गेली आणि दुसऱ्याला तिच्यापायी आपले गाणे बावीस वर्षे गमवावे लागले.

तिसरे गाणे सर्वांत दूरचे. १९३९ मध्ये जोहान्सबर्गला गॅलो कंपनीच्या स्टुडिओत सॉलोमन लिंडा आणि त्याच्या 'इव्हनिंग बर्ड्स'नी 'म्बुबे' हे झुलू गाणे ध्वनिमुद्रित केले. म्बुबे म्हणजे सिंह. गाण्याच्या शेवटाकडे लिंडाने उंच पट्टीत उत्स्फूर्तपणे एक ओळ गुंफली. पुढे जगभर पोचली ती हीच ओळ. हक्कांपोटी त्याला १० शिलिंग मिळाले असे सांगितले जाते. लिंडा त्याच कंपनीच्या कारखान्यात तबकड्या बांधण्याचे काम करी.

तबकडी अमेरिकेत पीट सीगरच्या हाती पडली. झुलू शब्द नीट न ऐकू आल्याने त्याचे 'विमोवे' झाले आणि सीगरच्या 'वीव्हर्स'नी ते पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गायले. सीगरने लिंडाला पुढे १,००० डॉलर पाठवले. १९६१ मध्ये त्यावर इंग्रजी शब्द चढले, 'द टोकन्स'चे 'द लायन स्लीप्स टुनाइट' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि रचनाकार म्हणून न्यूयॉर्कची नावे लागली. पुढच्याच वर्षी लिंडा दारिद्र्यात वारला. त्याच्या कबरीवर दगड बसायला अठरा वर्षे लागली.

हे गाणे 'द लायन किंग' (१९९४) चित्रपटात आले. पत्रकार रियान मलान यांनी २००० मध्ये ही सगळी कथा छापली, तेव्हा वारसांच्या बाजूने कायदा सापडला तो साम्राज्याचाच. १९११ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यात, लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परत जाण्याची तरतूद होती. आपल्याकडचा १९१४ चा कायदा याच कायद्यावर बेतलेला. या आधारावर २००४ मध्ये डिस्नेविरुद्ध दावा लागला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन लिंडाच्या मुलींना मोबदला व लिंडाला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली.

तिन्ही ठिकाणी कानाने दिलेला कौल साधारण बरोबर होता. जुने गाणे खरोखरच नव्यात होते. पण कोणाला काय मिळाले हे साम्यावर ठरले नाही. ते ठरले कागद कोणाच्या हाती होते यावर. हॅरिसनने नकळत घेतले आणि भरले. न्यूयॉर्कच्या रचनाकारांनी डोळसपणे घेतले आणि चाळीसेक वर्षे त्यावर कमावले.

मग आपली 'चाल'ची नोंद बरी म्हणावी का? काही अंशी नक्कीच. 'मानापमान'साठी (१९११) गोविंदराव टेंब्यांनी आणि 'स्वयंवर'साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा ठुमऱ्या-बंदिशींची ती उसनवारी जाणकारांना ठाऊक होती आणि तिचा कोणाला संकोच नव्हता. पण त्या बारीक टाइपातल्या ओळीत जुन्या गाण्याचे शब्द असतात; ते कोणी रचले, कोणत्या कोठीवर कोणत्या बाईने घोळवून घोळवून त्याला तो आकार दिला, याचा पत्ता बहुधा नसतो. स्टेपल कुटुंबाच्या आधी ते गीत गाणाऱ्या अनाम चर्चवाल्यांची आणि या बायकांची जागा एकच आहे. नाट्यपदांच्या चालींवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या ओळीच्याही मागे जाऊन गाणाऱ्यांची नावे शोधण्याचे काम अजून पुष्कळसे बाकी आहे.