फिरंगी महालातील विद्या

लखनौच्या ‘फिरंगी महल’चे नाव ऐकून एखाद्या गोऱ्या साहेबाची कोठी डोळ्यांपुढे येते, आणि ती वास्तू मुळात एका युरोपीय व्यापाऱ्याचीच होती. १६९२ साली सिहाली गावी जमिनीच्या वैरातून मुल्ला कुतुबुद्दीन या विद्वानांची हत्या झाली. त्यानंतर औरंगजेबाने ती त्यांच्या मुलांना राहावयास दिली. त्यांपैकी मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी तेथे बसविलेला अभ्यासक्रम म्हणजे ‘दर्स-ए-निजामी’.

अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, इस्लामी कायदा, कुराणाचे भाष्य अशा विषयांतील मोजके, पण कठीण ग्रंथ गुरूने शिकवावेत आणि तयार झालेल्या बुद्धीने शिष्याने पुढचे स्वतः वाचावे, ही त्यामागची दृष्टी. त्यातून काझी व दरबारी अधिकारी घडत.

१८५७ नंतर ते दरबार लोपले. १८६६ साली देवबंद येथे निघालेल्या मदरशाने राजाश्रयाऐवजी लोकवर्गणीवर भिस्त ठेवली. अभ्यासक्रमाचा सांगाडा निजामीच राहिला. परंतु हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचरणाच्या परंपरा, यांना अग्रस्थान मिळाले.

राज्यकारभारास माणसे पुरविणारी विद्या राज्य गेल्यावर श्रद्धेचा आधार झाली. काय शिकवावे, हे कोणासाठी शिकवावे यावरच ठरते, असे आम्हांस या इतिहासातून उमगते.