विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि विद्यापीठाचे उत्तरदायित्व : उत्तरपत्रिकेच्या निमित्ताने एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. अध्यापनाचे काम महाविद्यालयांकडे होते. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदवी देणे एवढेच विद्यापीठाचे कार्य मानले गेले. साहजिकच विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी येणारा संबंध परीक्षेच्या अर्जापासून सुरू होई आणि गुणपत्रिकेपाशी संपे. पुढे विद्यापीठांचे स्वरूप पालटले, पदव्युत्तर विभाग निघाले, वसतिगृहे व ग्रंथालये उभी राहिली; तरी संलग्न महाविद्यालयातील सामान्य विद्यार्थ्यापुरती ही वस्तुस्थिती फारशी बदलली नाही. विद्यार्थी-सेवा या शब्दाने शिष्यवृत्ती, आरोग्यकेंद्र, मार्गदर्शन यांचा बोध होत असला, तरी त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे प्रामुख्याने परीक्षा विभागच होय. म्हणून विद्यार्थ्यांच्या तक्रारींमुळे विद्यापीठात खरोखर काय बदलले, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात उत्तरपत्रिका हा एकच विषय निवडला आहे.

आयोगांची भूमिका

परीक्षापद्धतीतील सुधारणेची निकड राधाकृष्णन आयोगाने १९४९ मध्येच अधोरेखित केली होती. कोठारी आयोगाने (१९६४-६६) आणखी एक पाऊल टाकले. विद्यार्थी-सेवा हे केवळ कल्याणकार्य नसून शिक्षणाचेच अंग आहे, असे मत या आयोगाने मांडले आणि प्रत्येक विभागात व महाविद्यालयात शिक्षक-विद्यार्थ्यांच्या संयुक्त समित्या असाव्यात अशी शिफारस केली. विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले. मात्र ऐकल्यानंतर उत्तर देण्याचे बंधन कोणावर, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

१९८४ चा निर्णय

या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी महाराष्ट्रातच लागली, हे लक्षणीय आहे. प्रकरण विद्यापीठाचे नव्हते, राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे होते. परंतु त्याचे परिणाम विद्यापीठांवरही झाले. मंडळाच्या १९७७ च्या नियमांनुसार विद्यार्थ्यास गुणपडताळणी मागता येत असे. म्हणजे सर्व उत्तरांना गुण दिले आहेत की नाहीत व बेरीज बरोबर आहे की नाही, एवढेच तपासले जाई. उत्तरपत्रिका पाहण्याचा वा तिचे पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्क त्याला नव्हता. काही विद्यार्थ्यांनी या निर्बंधांना आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै १९८४ मध्ये तो निकाल फिरविला. परीक्षेचे धोरण ठरविणे हे तज्ज्ञ संस्थेचे काम आहे, हजारो उत्तरपत्रिका उघडल्यास निकालांना अंतिमता राहणार नाही आणि नैसर्गिक न्यायाचे तत्त्व इतके ताणता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय होता.

प्रशासकीय दृष्टीने पाहता हा युक्तिवाद निराधार म्हणता येणार नाही. पण त्याची एक बाजू दुर्लक्षित राहिली. स्वतःची उत्तरपत्रिका न पाहता केलेली तक्रार ही केवळ शंका असते, आणि शंकेचे उत्तर 'फेरबदल नाही' या दोन शब्दांत देता येते. पुढील सुमारे पंचवीस वर्षे असंख्य विद्यार्थ्यांच्या हाती हेच दोन शब्द पडले.

अभिप्रायाची संस्थात्मक व्यवस्था

१९९४ हे वर्ष दोन कारणांनी उल्लेखनीय ठरते. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी मंडळावरील प्रतिनिधी निवडणुकीऐवजी गुणवत्तेच्या आधारे नेमण्याची पद्धत आणली. कॅम्पसमधील हिंसाचार हे त्यामागचे कारण खरे होते. पण प्रतिनिधीचे उत्तरदायित्व मतदार विद्यार्थ्यांकडे उरले नाही, हाही परिणाम तितकाच खरा. त्याच वर्षी राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद अर्थात 'नॅक' स्थापन झाली. तिच्या निकषांमुळे अभिप्राय-पत्रके महाविद्यालयांत रुळली. २०१७ पासून तर विद्यार्थी समाधान सर्वेक्षण हा मूल्यांकनाचाच भाग झाला. पत्रके भरून घेतली जातात, त्यांचे आलेख काढले जातात, अहवालास जोडले जातात. अभिप्राय देणाऱ्यास मात्र त्याचे पुढे काय झाले हे क्वचितच कळते.

माहितीचा अधिकार आणि उत्तरपत्रिका

खरे परिवर्तन वेगळ्या वाटेने आले. महाराष्ट्राने २००२ साली स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा पूर्णतः अमलात आला. त्याचा आधार घेऊन देशभरातील विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकांच्या प्रती मागण्यास प्रारंभ केला. कलकत्ता विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने विद्यार्थ्याचा हक्क मान्य केला. हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी निर्णय लागला.

तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या व्याख्येनुसार 'माहिती' आहे. परीक्षा घेणारी संस्था ती परीक्षकाच्या वतीने विश्वस्त नात्याने बाळगते, हा बचाव टिकत नाही. संस्थेच्या नियमांत मनाई असली तरी कायदा श्रेष्ठ ठरतो. १९८४ चा निर्णय या कायद्यापूर्वीचा असल्याने आड येत नाही. परीक्षकाची ओळख मात्र गुप्त ठेवावी आणि या कायद्याखाली पुनर्मूल्यांकन मागता येणार नाही, अशा मर्यादाही न्यायालयाने घातल्या. छायांकित प्रत मिळाल्यावर विद्यार्थ्याची तक्रार 'गुण कमी पडले' एवढीच राहत नाही; अमुक पानावरील अमुक उत्तर तपासलेच नाही, असे तो दाखवू शकतो. परीक्षकावरील हा नैतिक वचक कोणत्याही अभिप्राय-पत्रकाने निर्माण झाला नसता.

२०१७ चा अनुभव

१ मार्च २०१७ पासून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ लागू झाला. परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा आणि तसे न झाल्यास कुलगुरूंनी कुलपती व शासनास कारणांसह अहवाल द्यावा, असे बंधन त्यात आहे. नेमक्या त्याच उन्हाळी सत्रात मुंबई विद्यापीठाने सर्व उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. विलंब व गैरप्रकार टळावेत हा हेतू चांगलाच होता. परंतु ४७७ परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका, पुरेशा पूर्वतयारीचा अभाव आणि प्राध्यापकांना मिळालेला अपुरा अवधी यांमुळे व्यवस्था कोलमडली. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, अखेरचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान भरून येणारे नव्हते. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. मुदत कायद्यात लिहिलेली नसती, तर हा विलंब नेहमीची गैरसोय म्हणून विसरला गेला असता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३ च्या विनियमांत या इतिहासाचे पडसाद दिसतात. निकालास विलंब आणि मूल्यांकनातील अपारदर्शक पद्धती यांची गणना तेथे स्पष्टपणे तक्रारींत केली आहे. तक्रार निवारण समितीस १५ कामकाजाच्या दिवसांची मुदत असून तिच्यानंतर लोकपालाकडे अपील करता येते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मात्र लोकपालानेही सहसा स्वीकारावयाचा नाही. निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभाव दाखवून दिला, तरच त्यास अपवाद आहे. आणि ती अनियमितता दाखवून द्यावयाची, तर विद्यार्थ्याच्या हाती आधी उत्तरपत्रिकेची प्रत असावी लागते.